एक आवाज जास्त

शिकायला वयाची अट नाही, असा वाचनालयातल्या कौसरमॅडमचा हट्टच होता. सकाळी बालवाडीची पोरं, दुपारी दहावीची, मग साक्षरतेच्या बायका आणि संध्याकाळी मोबाइल शिकणारी म्हातारी माणसं.

जूनमध्ये पोरं बाराखडी म्हणून थांबली, तरी एका चिमुरडीचा आवाज शेवटचं अक्षर एकटाच म्हणाला. कौसरनं पाहिलं, तर सगळ्यांची तोंडं मिटलेली. असेल कुणीतरी वात्रट, म्हणून तिनं सोडून दिलं.

गणपतीनंतर तोच आवाज, जरा मोठा होऊन, दहावीच्या वर्गात येऊ लागला. दिवाळीनंतर बायकांत, बांगड्या किणकिणवत. "मागे कोण बोलते गो?" हफीजाचाचींनी विचारलंही. मागे भिंत होती.

आज म्हाताऱ्यांनी दुबईतल्या मुलांना व्हिडिओ कॉल लावले. सगळ्यांचे फोन बंद झाल्यावर एक थकलेला आवाज सावकाश म्हणाला, "ठेवते हां."

माणसं घरी गेली. कौसर पंखे बंद करू लागली.

"बाय, माझं सगळं शिकून झालं," रिकाम्या बाकावरून तो आवाज मायेनं म्हणाला. "आता तू बस."

"नको," कौसर म्हणाली.

पण तिच्या तोंडून आवाज निघाला तो चिमुरडीचा.