सीतादहीचा दिवस

“हात नोका लावू! कोणीच हात नोका लावू पऱ्हाटीले!”

नंदकिशोर मास्तर ओरडत शेताच्या धुऱ्यावरून आले तेव्हा रुखमाबाई वाकून दगड मांडत होती. मास्तरांच्या शेतात कापसाच्या पहिल्या वेच्याचा दिवस होता. शेतात शिरण्याआधी सीतादही करायचं, कापसाच्या झाडाच्या, पऱ्हाटीच्या बुडाशी हळदकुंकू वाहायचं, दहीभात चारी अंगांना शिंपडायचा, उरलेला तिथंच बसून खायचा आणि मग ओटीत पहिलं बोंड टाकायचं. दह्यासारखा पांढरा कापूस दे, एवढंच देवीकडे मागणं. मास्तरांचा आवाज ऐकून रुखमाबाईच्या हातातली दह्याची गडवी तशीच राहिली. तिच्यामागे वेचणाऱ्या बायाही थबकल्या.

मास्तर देव मानत नाहीत हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. वणीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, स्वतः कधी नारळ फोडला नाही, पण दुसऱ्याच्या नारळाच्या आडही आले नाहीत. बायको होती तोवर ती सीतादही करायची आणि हे महाशय निमूट दह्याचं भांडं धरून उभे राहायचे. असा माणूस ऐन पूजेत ओरडला, म्हणून बाया बावरल्या.

“काहून जी मास्तर? आजच देवीचं वावडं झालं काय तुमाले?” रुखमाबाईच्या आवाजाला धार होती.

“देवीचं नाही वो बाई. फवारणी झाली. मले वाटलं, मागच्या हप्त्यातच झाली. पुतण्या आत्ता फोनवर सांगते, पंप बिघडला होता म्हणून काल संध्याकाळी मारलं. झाडाझाडाले औषध हाय. तुमी त्याच हातानं दहीभात खासान.”

औषध म्हणजे विष, हे बोंडअळीच्या त्या वर्षी कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. फवारता फवारता माणसं शेतात कोसळली होती, काही दवाखान्यातून परत आलीच नव्हती. तरी वेचणाऱ्या बायांची चौकशी कोण करतो? तोंडाला फडकं बांधलं की झालं.

रुखमाबाईने वर पाहिलं. आभाळ गच्च भरलं होतं. अळीच्या तोंडून वाचलेला तेवढा कापूस बोंडाबाहेर लोंबत होता.

“दोन रोज थांबा,” मास्तर म्हणाले.

“पाणी थांबन काय दोन रोज?”

“नाही थांबणार.”

तेवढ्यात शेजारच्या वावरातून वामनरावांनी हाक दिली. कपाळावर ताजं कुंकू, सकाळीच देवीला नारळ फोडून आलेले. “या वो बायाहो, माह्याकडं या! मास्तरच्या नादी लागसान तं आजचा रोज बुडन. देवीचं नाव घ्या अन् लागा कामाले. तिले काळजी हाय आपली.”

वामनराव काही वाईट माणूस नव्हे. अडल्यानडल्याला न मागता बैलजोडी देणारा. पण त्यांचंही वर्षाचं पीक त्याच आभाळाखाली उघडं होतं. बाया तिकडे वळल्याही.

रुखमाबाई मात्र वळली नाही. ती मास्तरांकडे बघत राहिली. राग गेला होता, आता नुसतं नवल होतं.

“एक विचारू काय मास्तर? तुमी बोलले नसते तं आमाले कोठं समजत होतं? तुमाले ना देव, ना नरक. पाप तं तुमाले लागतच नाही. मंग काहून आपल्या हातानं कापूस बुडवून राह्यले?”

मास्तर सावकाश म्हणाले, “तुमचं पाप देवापाशी नेता येते बाई. रडलं, पाया पडलं, तो माफ करते. मले माफ करायले कोणी नाही. तुमच्यातल्या एकीले काही झालं तं ते मलेच घेऊन फिरा लागन, मरेपर्यंत.”

निघालेल्या बाया थांबल्या. धुऱ्यापलीकडे वामनरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

“रुखमाबाई,” ते म्हणाले, “नोका येऊ इकडं.”

“काहून जी?”

“त्याच पंपानं काल माह्याबी वावरात मारलं. आधी माह्याकडं, मंग मास्तरकडं.”

सकाळचा नारळ फोडायला त्यांना एवढा जोर लागला नसेल. पण बोलले, आणि मोठेच झाले.

रुखमाबाईने मग वेळ घालवला नाही. बायांना शेताबाहेर रस्त्याकडे आणलं, सगळ्यांना हात धुवायला लावले, बाभळीखाली दुसरे दगड मांडले आणि सीतादही तिथेच केलं. वामनरावही धुरा ओलांडून तिथे येऊन बसले. दहीभात वाटताना ती मास्तरांपुढे थांबली.

“परसाद म्हणून देऊ, का दहीभात म्हणून?”

“दहीभात म्हणून द्या.”

“घ्या. देवीले काय सांगाचं ते मी सांगीन.”

पहिला घास घेतात न घेतात तोच थेंब आले, मागोमाग सर आली. दोन्ही वावरांतला कापूस डोळ्यांदेखत भिजू लागला. औषधामुळे उठून वेचायला धावायचीही सोय नव्हती. वामनरावांनी सवयीने हात जोडले, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले. डोळे उघडले तेव्हा शेजारी मास्तर बसले होते, भिजणाऱ्या पऱ्हाटीकडे बघत. त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते.

“मास्तर,” वामनराव हळूच म्हणाले, “मी तिच्यापाशी रडून तरी घेतो. तुमाले तं तेबी नाही. लय जड जात असन.”

“जाते न, वामनराव.”

वामनरावांनी जोडलेले हात सोडले आणि एक मास्तरांच्या हातावर ठेवला.