निनावी चित्रकार

दर सोमवारी सूचनाफलकावर साहेबांची टर उडवणारी निनावी चित्रकथा लागायची. फलकाची किल्ली शिपाई तांडेलांकडे असायची, म्हणून आज भर बैठकीत साहेबांनी त्यांनाच धरलं.

“चौकशी होईपर्यंत घरी बसा!”

“साहेब, मला सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही हो,” तांडेल काकुळतीला आले.

आस्थापना विभागातल्या मृदुला केणी उठल्या. “सर, ती चित्रं मी काढते.”

“खाली बसा. समिती नेमली आहे. तिचा अहवाल येईपर्यंत कबुली द्यायची नाही!”

केणीबाई फळ्यापाशी गेल्या. त्यांनी साहेबांचा चेहरा काढायला घेतला. हुबेहूब. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“पुरे! तांडेल, कामाला लागा,” साहेब ओरडले.

केणीबाईंनी चित्र पुरं केलं आणि खाली प्रथमच सही ठोकली.