जात्यावरचं इंग्रजी

पलटणीत भरती झालेल्या आपल्या एकुलत्या लेकाला लढाईवर धाडू नका, एवढंच उचगावच्या बाळाबाईला बेळगावच्या कँपातल्या गोऱ्या सायबाला सांगायचं होतं. शाळा शिकणाऱ्या भाचीनं तेवढं इंग्रजी सांगितलं. पाठ होईना, तेव्हा बाळाबाईनं ते ओवीत बसवून जात्यावर घोळवलं.

"मावशी, तिथं सूर लावायचा न्हाय, नुसतं बोलायचं."

"सूर सोडला की शब्दबी पळत्यात गं!"

सायबापुढं ती सूर सोडून बोलायला गेली, तर शब्द खरंच पळाले. शेवटी ती फरशीवर बसली, डोळे मिटले आणि नसलेलं जातं ओढू लागली. "पिलीज सारऽ, वनली सनऽ, डोन सेंडऽ..." गाता गाता डोळ्यांना धार लागली.

सायेब उठला, आतून मडमेला घेऊन आला. बाळाबाईनं हात जोडले.

पट्टेवाला मान खाली घालून म्हणाला, "सायेब म्हणत्यात, तुमची मराठी लई गोड हाय. मडमेसाठी पुन्ना म्हणा."