भिंतीपलीकडची माणसं

“उघडा दार! आत आहात, कळतंय मला. आत्ताच कुकरची शिट्टी झाली.”

दार चार बोटं उघडलं. घड्याळजीने चष्मा कपाळावर सरकवला. “काकू, तुम्ही? कशी आहे पोर?”

“जबडा बांधलाय. घोटभर पाणी पिता येत नाही.”

बाईंना हुंदका आला, पण रागाने त्यांनी तो मागे लोटला. दवाखान्यातून त्या थेट इथे आल्या होत्या. हातातल्या पिशवीत पोरीची साडी होती, रक्ताने कडक झालेली.

“शुद्धीवर आल्यापासून खुणेने एकच सांगतेय, जिन्यावरून पडले. फौजदार म्हणतो, ज्याने ऐकलं त्याने येऊन सांगावं, नाहीतर संध्याकाळी मारणाऱ्याला सोडावं लागेल. सुटला की तो पहिला तिच्या खाटेपाशी जाईल. तुमची नि तिची भिंत एक. चला माझ्याबरोबर.”

“मला हल्ली कमीच ऐकू येतं हो.”

“घड्याळाची टिकटिक ऐकू येते, माणसाची किंकाळी येत नाही?”

घड्याळजी त्यांच्याकडे बघेना. “दुसऱ्याच्या घरात आपण कसं तोंड घालायचं, काकू? तिथं जर…” पुढचं त्याने पोटातच ठेवलं.

“बरोबर आहे. तोंड काय, देवाने फक्त जेवायला दिलंय!”

दार हळूच लागलं.

समोरच्या दारात शिंपीण उभी होती, ओठांत टाचण्या धरून. बाई तिच्याकडे वळल्या. “तुझं तान्हं दुपार-दुपार कोणी सांभाळलं गं? तिनेच ना?”

शिंपिणीने टाचण्या काढल्या. डोळे भरले होते. “ती ओरडायला लागली की मी मशीन जोरात चालवायचे. ऐकवत नव्हतं, काकू.”

“म्हणजे तुझे झगे शिवून झाले, आणि तिची कातडी उसवली! चल आता.”

“आमचे हे नको म्हणतात.”

“मग बस त्यांच्या पदराखाली!”

बाईंच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. त्या भर व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि बंद दारांना सुनावू लागल्या. “अरे, शेजारी म्हणवता स्वतःला? कुणाचं दूध करपलं तर नाक मुरडत बाहेर येता. माणूस मरत होतं, तेव्हा कानात बोळे घातलेत? पोरगी गेली असती तर खांदा द्यायला मात्र रांग लावली असतीत! वर बसलाय तो बघतोय. हिशोब होईल एकेकाचा!”

एकही कडी वाजली नाही.

मग जिन्यावर काठी टेकल्याचा आवाज आला. वरच्या मजल्यावरची म्हातारी नर्स, जिला सगळी इमारत पाठीमागे ‘तोफ’ म्हणायची, चपला घालूनच खाली उतरत होती.

“ओरडू नका. मी येते.”

बाईंनी हात जोडले. “देव तुमचं भलं करो. एकीला तरी शेजारधर्म आठवला.”

“मी ऐकलं, तेवढं सांगेन.” तोफ आज अगदी हळू बोलत होती. “पण मी एक मजला वर होते, बाई. तुमचा मुलगा तिला मारत होता, तेव्हा त्याच घरात, पलीकडच्या खोलीत कोण बसलं होतं, ते फौजदाराला तुम्ही सांगाल की मी सांगू?”