अजून नऊ किलो

"माझं पोट लहान करून टाका, डॉक्टर," सगुणा काट्यावरून उतरत म्हणाली. काटा एकशे चारवर गेला होता.

डॉक्टर शिवदास हे ऑपरेशन परदेशात शिकून नुकतेच अंधेरीला आले होते. पोटाला आतून टाके घालून जेवणाची जागाच कमी करायची. सत्त्याऐंशी साली वेसाव्यात कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं.

"आधी चालून बघा. नाहीच उतरलं तर करू," ते म्हणाले.

नवरा महादू बाहेर बाकावर बसला होता. ती त्याला आत येऊ देत नसे. मंगळवार-शुक्रवार त्याची स्वतःची हॉस्पिटलची खेप असायचीच, त्यात बायकोचं हे नवीन खूळ.

"कशाला गं पोट कापून घेतेस?" रिक्षात त्याने विचारलं. "मला तू अशीच बरी वाटतेस."

"तुला वाटून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे वाळूतून थेट जुहूपर्यंत चालू लागली. तिथून आली की पाटी घेऊन मासळीबाजारात. भात सोडला. शेजारच्या चुलीवर सुकटीचं कालवण रटरटायला लागलं की ती उठून दारात जायची. महादूला तिच्यासमोर जेवायची लाज वाटे. त्याचं पथ्यही काही कमी नव्हतं, पाणीसुद्धा मोजून. पण त्याला निदान भात तरी होता.

"या वयात कुणाला दाखवायचंय गं?" बाजारातल्या बायका चिडवायच्या. ती हसून कोलंबी सोलत राही. महादूच्या मात्र ते डोक्यात जाई.

एका संध्याकाळी तिच्या सुजलेल्या पावलांना तेल चोळताना तो म्हणाला, "पुरे झालं आता. किती वाळशील?"

"अजून नऊ किलो," ती म्हणाली आणि तिथंच बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

आठव्या महिन्यात काटा बहात्तरवर आला. त्या दिवशी डॉक्टरांनी महादूलाही आत बोलावलं.

"पोटाच्या ऑपरेशनची आता गरज नाही."

महादूचा जीव भांड्यात पडला. "चला, सुटलो," म्हणत तो उठला.

"बसा. पुढच्या महिन्यात दोघांनाही ॲडमिट व्हायचंय."

"मला कशाला?"

त्याने सगुणाकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

"यांची किडनी तुम्हाला जुळते, हे तुमच्या मंगळवारच्या डॉक्टरांना वर्षापूर्वीच कळलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण तेव्हाच्या वजनावर ती काढायला ते तयार नव्हते."