भावजींची खंजिरी

सरावाची खोली भावजींची, म्हणून बँडमध्ये भावजीही आले. तालाशी त्यांचं हाडवैर. गिटारवाल्याने शक्कल लढवली: "गाण्याच्या शेवटी खंजिरीवर एकच थाप, भावजींची. ती पडली की सगळ्यांनी थांबायचं." भावजी खूश, आम्ही सुटलो. कार्यक्रमात शेवटचं कडवं संपलं, पण थाप पडेना. तिच्याशिवाय थांबायचं कसं, हे आम्ही बसवलंच नव्हतं. ध्रुवपद पुन्हा पुन्हा घेतलं. ड्रमवाला घामाघूम झाला. भावजी खंजिरी छातीशी धरून निवांत उभे. मी गाता गाता त्यांच्याजवळ सरकून कुजबुजले, "वाजवा ना!" "पुढच्या गाण्यात माझ्या थापा किती?" "एकच." "मग चालू द्या." माझा घसा बसायला आला. अखेर माइकवरच, ध्रुवपदाच्या चालीत मी गायले, "भावजी, दोन देते, आता थांबवा!" थाप पडली. लोक ओरडले, "वन्स मोअर!" भावजींनी माझ्याकडे पाहून तीन बोटं वर केली.