दुसरा कौल

देवळातला धाकू गुरव डोंगरावरून तडक पंचायतीत आला आणि वाळलेल्या चुन्याचे दोन तुकडे त्याने सरपंच निमकरबाईंच्या टेबलावर आपटले.

"डोंगरावरच्या कातळाला भेग गेलीय. आठ दिवसांपूर्वी मी तिच्यावर चुन्याचा गिलावा थापला होता, आज तो मधोमध तुटला. भेग दोन बोटं वाढलीय. खालची वाडी आजच हलवा!"

निमकरबाईंनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं. दसऱ्याचा वाळलेला हार अजून त्याच्यावर लटकत होता आणि आत हिरवा दिवा होता. तालुक्यातला कुठला डोंगर पक्का आणि कुठला खचणार, याचा निकाल आता हे यंत्रच द्यायचं. त्यानंतर कुणी वेगळं मोजायचं नाही, असा कायदाच होता.

"काका, यंत्र म्हणतंय, डोंगर पक्का आहे. तुमचा विज्ञानावर विश्वास नाही का?"

"विश्वास कसला मागता? टेप घ्या आणि चला माझ्याबरोबर."

"निकालानंतर मोजायला बंदी आहे. आणि देवाला फुलं चिकटवून कौल लावणारे तुम्ही, मला पुरावा शिकवणार?"

"हो, शिकवणार!" धाकूचा आवाज चढला. "उजवं फूल पडून देवाचा होकार मिळाला तरी गावकऱ्यांचं समाधान होत नाही. परत लाव म्हणतात, मी परत लावतो. चाळीस वर्षं लावतोय. दुसऱ्यांदा विचारलं म्हणून माझा देव कधी कोपला नाही, बाई. तुमचा कोपतो?"